पांडुरंगाची इच्छा

निवृत्त माणसाची पहाट लवकर होते. कचेरी सुटली तशी झोपही सुटली. चारला जाग येते. स्नान, तुळशीला पाणी, हरिपाठ एवढं आटोपलं तरी उजाडायला अवकाश असतो. त्या वेळात आठवणी येऊन बसतात. म्हातारपणी जुन्या आठवणी गोड लागतात म्हणतात. लागतात खऱ्या, पण सगळ्या नव्हे. एक आम्हांस कधीच गोड लागली नाही. तिच्यातून निघालेला प्रश्न एकट्या आमचा नसावा, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

साल १९९८. आम्ही एका कचेरीत हेडक्लार्क होतो. आषाढाच्या तोंडावर आमच्या शिपायाने चार दिवसांच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. त्याची आई जन्माची वारकरी. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून पायी जायची. पुढे गुडघे गेले, वारी सुटली. "भाऊसाहेब, एस.टी.नं तरी एकादशीला नेऊन आणतो. नुसता कळस दिसला तरी पुष्कळ, म्हणते." रजा त्याची शिल्लक होती. पण हिशेब-तपासणीची मंडळी यायची होती, कपाटं उपसायची होती. आम्ही मान वर न करताच म्हटलं, "अरे, विठोबा कुठं पळून जातो का? पुढल्या वर्षी जा."

तपासणी आठ दिवस पुढं गेली. म्हातारी पौषात वारली.

विठोबा पळून गेला नाही, हे मात्र खरं.

२००६ साली आम्ही निवृत्त झालो, माळ घातली, दिंडीत चालू लागलो. दिवे घाट चढलो, नीरेत स्नान केलं, वाखरीचं रिंगण डोळे भरून पाहिलं. वाटेत लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडलो. ज्याचं आपण काही बिघडवलेलं नाही, त्याच्या पाया पडायला कष्ट पडत नाहीत, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

ते आलं २०२० साली. करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. आम्ही घरी टी.व्ही.समोर बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगावं, मनातून चिडलो होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "साथीचा रोग आहे, त्याला कुणाचा इलाज?" ते ऐकलं आणि चर्र झालं. आमची वारी रोगाने अडवली. त्या माउलीची तर आमच्या टेबलाने अडवली होती.

पुढलंही वर्ष तसंच गेलं. २०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली. निघण्याआधी आम्ही त्या गृहस्थांचं गाव गाठलं. तेही आता निवृत्त. पूर्वी अरे-तुरे करीत होतो. त्या दिवशी तोंडून आपोआप 'तुम्ही' आलं. चहा झाला. मनातलं सगळं बोललो. ते हसले. "भाऊसाहेब, अजून ते धरून बसलात व्हय? तिच्या नशिबी नव्हतं. पांडुरंगाची इच्छा!"

केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! ते एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. आम्ही सहज विचारलं, "तुम्ही जाता ना पंढरीला?" ते रस्त्याकडे पाहात म्हणाले, "नाही गेलो कधी. आईला नेलं नाही, मग आपणच कसं जायचं?"

गाडीत बसलो ते तोच विचार घेऊन. 'पांडुरंगाची इच्छा' हे बोल त्यांच्या तोंडी भक्तीचे होते. सोसवत नव्हतं ते त्यांनी देवाच्या पायांवर ठेवलं. आम्ही मात्र तेच बोल उचलून आमचा दोष देवाच्या माथी मारू पाहात होतो. कोणी म्हणेल, सर्व सत्ता त्याचीच, मग तुमचा नकारही त्याचाच. असेल. पण नोकरीत शेकडो रजा आम्ही मंजूर केल्या, तेव्हा एकदा तरी 'पांडुरंगाने सोडलं' असं म्हणालो का? नाही. 'आम्ही सोडलं' म्हणालो, आणि वर उपकाराची भाषाही केली. मग नाकारलं तेवढंच त्याचं कसं?

दुसरी पळवाट खास कारकुनी. इतक्या वाऱ्या जमेस, एक नकार खर्ची, शिल्लक पुण्याचीच निघते! ही वही आम्ही पुष्कळ दिवस मनात चालवली. पण जमा आमच्या नावावर आणि खर्च त्या म्हातारीच्या, असला ताळेबंद कचेरीतसुद्धा पास झाला नसता. लेकाने आम्हांला क्षमा केली ती त्याच्या वाट्याची. आणि स्वतःला तर त्याने केलेलीच नाही. आमच्या हातून घडलं त्याचा उपास तो एवढी वर्षं धरून बसला आहे.

तेव्हापासून आम्ही दर शुद्ध एकादशीस त्यांना फोन करतो. "कार्तिकीला दोघं एस.टी.नं जाऊ. तुमच्या आईची तुळस घेऊन या." ते म्हणतात, "बघू, भाऊसाहेब." परवा मात्र विचारत होते, गाडी कुठून सुटते म्हणून.