उत्तर : को

गो खेळाच्या कोड्यांचे पुस्तक उघडावे, कोपऱ्यातल्या सोंगट्यांशी झुंजावे, डोके शिणले की मागे उत्तर बघावे. तिथे पाच-सहा खेळ्यांची आकृती असते आणि खाली एकच शब्द : को. संपले. तो को कोणी जिंकायचा, कसा जिंकायचा, हरला तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. सुताराच्या गुण्यासारखी काटकोनी रचना कोपऱ्यात उभी राहते, तिच्यावर या खेळात पिढ्यान्‌पिढ्या डोकेफोड झाली आहे. तिचेही नेहमीचे उत्तर हेच. भांडण कुठे लागणार ते सांगायचे आणि लागले की काढता पाय घ्यायचा, ही पुस्तकांची रीत मला फार दिवस खुपते आहे.

खेळ कसा असतो ते दोन ओळींत उरकतो. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा. जिथे रेघा छेदतात तिथे काळी-पांढरी सोंगटी आळीपाळीने मांडायची. मांडलेली हलवायची नाही, चहूबाजूंनी कोंडली गेली की उचलायची. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. को म्हणजे यातली एक अडचण. तुम्ही माझी एक सोंगटी मारलीत आणि मारणारी तुमची सोंगटी तिथेच माझ्या तोंडी आली. मी ती लगेच मारली तर तुम्ही पुन्हा माझी माराल आणि खेळ जन्मभर तिथेच फिरत राहील. म्हणून नियम असा : लगेच परत मारायचे नाही, आधी दुसरीकडे एक खेळी करायची. ती अशी हवी की तुम्हाला तिथे उत्तर द्यावेच लागेल. तुम्ही उत्तर दिलेत की मी मागे येऊन को मारतो. मग दुसरीकडे धमकी शोधायची पाळी तुमची.

सुरतेच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्याला हे अवघड वाटू नये. इथल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात असते. तिथे भाव अडला की मुरलेला व्यापारी लगेच उलटा भाव बोलत नाही, मागच्या दिवाळीची बाकी काढतो. समोरच्याला त्यावर बोलणे भाग पडते. तो बोलला की हा पुन्हा भावावर येतो. मात्र बाकीची रक्कम भावातल्या फरकापेक्षा किरकोळ असेल तर समोरचा हसतो, म्हणतो, ‘बाकी आत्ता घेऊन जा, भाव हाच.’ धमकी लहान पडली.

या विषयावरचे चांगले पुस्तक कोणते, याचा शोध घ्यायचा तर आमच्या गल्लीतल्या दुकानाचा उपयोग नाही. तिथे मराठी माध्यमाची गाइडे आणि वह्या मिळतात, गोचे पुस्तक मागवावे लागते किंवा फोनवर वाचावे लागते. जपानमध्ये हायाशी गेन्बी यांचा ‘गोक्यो शुम्यो’ हा कोड्यांचा संग्रह 1812 साली झाला. त्यात कोचा वेगळा विभाग आहे. जेम्स डेव्हिस यांचे ‘लाइफ अँड डेथ’ 1975 चे, तेही पुन्हापुन्हा को-पाशी येते. रॉब व्हान झाइस्ट आणि रिचर्ड बोझुलिच यांचे तर नावच ‘ऑल अबाउट को’. साधा को, दोन टप्प्यांचा को, जोड-को, कोणीच सुरू करायला धजत नाही असा हजारो वर्षांचा को, एकाचे सर्वस्व पणाला लागते आणि दुसऱ्याचे जवळजवळ काहीच जात नाही असा हनामी को : जाती समजून घ्यायला पुस्तकांचा आधार भक्कम आहे.

पण जात ओळखणे वेगळे आणि किंमत ठरवणे वेगळे. या खेळातले प्रश्न मी दोन ढिगांत टाकतो : जागेचे आणि पटाचे. हा गट जगेल का, हा जागेचा प्रश्न. तेवढा कोपरा कात्रीने कापून पानावर चिकटवला तरी उत्तर बदलत नाही. को लढवावा का, हा पटाचा प्रश्न. त्याचे उत्तर कोपऱ्यात नसते, समोरच्या बाजूला कोणाच्या किती धमक्या शिल्लक आहेत त्यात असते. आणि कोड्यांचे पुस्तक नेमके तेच कापून टाकते.

बुद्धिबळाच्या कोड्यांना हा त्रास नाही. त्रिवेंगडाचार्य नावाच्या शास्त्र्यांनी बुद्धिबळाच्या डावांवर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि युरोपीय रीतीला जुळवून घेतलेले त्याचे इंग्रजी रूप 1814 साली मुंबईत छापले गेले. शास्त्रीबुवांचे काम एका अर्थी सोपे होते. बुद्धिबळात राजा एक. त्याला मात बसली की उरलेल्या पटावर काय चालले होते हे विचारायची गरज नाही, आणि तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी मागून दोघांनी घरी जावे. गोमध्ये राजा नाही. एक कोपरा गेला तरी डाव चालू, आणि त्या मोबदल्यात दुसरीकडे काय मिळाले हाच खरा हिशेब.

माझा भाचा कापडाच्या दुकानावर हिशेब लिहितो आणि फोनवर गो खेळतो. पुस्तकाचा विषय निघाला की तो अहिराणीत उडवून लावतो : “मामा, पुस्तक कसाले जोयजे? इंजिन शे ना!” 2019 मध्ये आलेले काटागो हे इंजिन कुठलाही डाव टाकला की सबंध पट बघून किती गुणांनी कोण पुढे ते सांगते. भाच्याच्या बोलण्यातला उर्मटपणा बाजूला ठेवला तरी एक काटा उरतोच. तुम्हीच म्हणता ना, को पटाचा प्रश्न आहे. मग पट कापणारे पुस्तक चांगले की सबंध पट बघणारे इंजिन?

यावर एक सोपे उत्तर पूर्वी देता येत असे : यंत्राला को जमत नाही. 2016 च्या मार्चमध्ये सोलला ली सेडोल हा खेळाडू आणि अल्फागो हे यंत्र यांचा सामना झाला तेव्हा यंत्र कोला बिचकते अशी कुजबुज खूप होती. तिसऱ्या डावात लीने को लढवून पाहिला. यंत्राने तो शांतपणे निभावला आणि डावही जिंकला. कुजबुज थांबली. भाच्याचे म्हणणे एवढ्यापुरते मान्य.

पण ज्याला सगळा पट एका नजरेत तोलता येतो त्याला को हा वेगळा विषयच नाही. वेगळा विषय तुमच्या-माझ्यासाठी आहे, कारण आपली नजर पुरत नाही. आणि हा दोष फक्त आपला नव्हे. रॉबसन या संशोधकाने 1983 मध्ये सिद्ध केले की पट वाढवत नेला तर को असलेल्या गोमधला विजेता ठरवण्याचे काम घातांकी वेगाने फुगत जाते. त्या सिद्धतेत कोची कामगिरी मोठी आहे. इंजिनाने दिलेला आकडा आजच्या डावाचा. उद्याच्या डावात धमक्या वेगळ्या, आकडा वेगळा. भाचा दर वेळी विचारणार, दर वेळी त्याला उत्तर मिळणार आणि पुढच्या वेळी तो तितकाच रिकामा बसणार.

तेव्हा मला हवे ते पुस्तक असे : पानोपानी कोपरा नव्हे तर पूर्ण पट छापलेला, प्रत्येक पटावर एक को, आणि उत्तरात धमक्यांची यादी. असे पुस्तक मनात रचायला बसले की मात्र ते हातातच मोडते. पहिल्या पटावरच्या धमक्या दुसऱ्यावर नसतात, त्यामुळे पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. भाच्याच्या फोनवर ठेवलेला ठपका माझ्याही पुस्तकावर बसतो. एका पटावरून दुसऱ्यावर जाताना सोबत येते ती एकच गोष्ट : मोजणी. को सोडला तर त्याच्या बदल्यात दुसरीकडे सलग दोन खेळ्या मिळतात; त्या दोन खेळ्यांची बेरीज कोमधल्या नुकसानीपेक्षा जास्त की कमी?

ही मोजणी डावाच्या शेवटच्या टप्प्याची, म्हणजे योसेची. अगदी शेवटी उरतो तो अर्ध्या गुणाचा को घ्या. एका बाजूने तो मिटवायला दोन खेळ्या, दुसरीकडून एक; दोन्ही निकालांत फरक एका गुणाचा. म्हणजे तीन खेळ्यांत एक गुण, एका खेळीला एक तृतीयांश. गट मरण्या-जगण्याचा को याच रीतीने मोजायचा, फक्त गुण वाढतात. ओगावा तोमोको आणि जेम्स डेव्हिस यांचे ‘द एंडगेम’ 1976 चे. शीर्षकात को नाही, आणि धडाकेबाज लढायांची हौस असलेला खेळाडू ते सहसा शेवटी उघडतो. कोसाठी पुस्तक विचारणाऱ्याच्या हाती मी तेच देईन. त्यातून एक सवयही लागते. कुठली खेळी समोरच्याला किती रकमेचे उत्तर द्यायला लावते हे एकदा कळले की उगाच दमदाटीच्या खेळ्या आधीच करून टाकण्याची खोड सुटते, आणि को उभा राहतो तेव्हा गाठीला धमक्या शिल्लक असतात.

मग ‘उत्तर : को’ म्हणून थांबणाऱ्या जुन्या संग्रहांवरचा माझा रागही टिकत नाही. जागेच्या प्रश्नाचे उत्तर जिथवर खरे आहे तिथवर ते देतात. त्यापुढे एक शब्द जरी लिहिला असता तरी तो न दिसणाऱ्या पटाबद्दलची थाप ठरला असता.