पणाला लागलेली भावी वर्षे: उंच खेळाडू, ड्राफ्ट आणि कर्मफळाचा प्रश्न

कर्माचे मोल त्याच्या फळावरून ठरवावे, की कर्म करताना कर्त्याने जो विचार केला, जी काळजी घेतली आणि त्या घडीला त्याला जेवढे कळणे शक्य होते त्यावरून ठरवावे, हा नीतिशास्त्रातील जुना वाद आहे. मात्र तो तपासण्यासाठी घेतली जाणारी उदाहरणे बहुधा कल्पित असतात आणि कल्पित उदाहरणातील कर्त्याच्या मनात काय होते याबाबत लेखक सांगेल तेच मान्य करावे लागते. ज्या क्षेत्रात निर्णयाची तारीख, देवघेवीच्या अटी आणि त्यानंतरच्या कित्येक वर्षांचे फळ या तिन्हींची जाहीर नोंद राहते, तेथे या वादाला अधिक घट्ट आधार मिळतो. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए ही व्यावसायिक लीग, असे एक क्षेत्र आहे. आणि विलक्षण उंचीच्या कोवळ्या खेळाडूंसाठी संघ आपली भावी वर्षे पणाला लावतात तेव्हा तर हा वाद अगदी उघड्यावर येतो.

या लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने होते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि दुबळ्या संघांना बळ मिळावे म्हणून आधीच्या हंगामात हरलेल्यांना वरचा क्रम मिळण्याची शक्यता अधिक ठेवलेली असते. 1985 पासून वरचे क्रम लॉटरीने ठरतात, त्यापूर्वी पहिला क्रम दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक करून ठरत असे. निवडीच्या या हक्काला ‘पिक’ म्हणतात. तो दुसऱ्या संघाला देता येतो, आणि आजचाच नव्हे तर पुढील सात वर्षांपर्यंतचा देता येतो. म्हणजे संघ जी वस्तू देत असतो तिचे खरे मोल देण्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, कारण ते त्या संघाच्या पुढच्या हार-जितीवर अवलंबून असते. ही जोखीम आवरण्यासाठी ‘संरक्षण’ नावाची अट घालता येते: हक्क अगदी वरच्या काही क्रमांकांत आला तर तो मूळ संघाकडेच राहील, असे आधीच ठरवून ठेवता येते. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क इतक्या बेफिकिरीने वाटले की लागोपाठच्या दोन भावी वर्षांत कोणत्याही संघाला पहिल्या फेरीच्या हक्कावाचून राहता येणार नाही, असा नियम लीगला करावा लागला, आणि तो आजही स्टेपियन यांच्याच नावाने ओळखला जातो. वर्तमानातल्या माणसांपासून भविष्यातल्या माणसांचे रक्षण करणारा हा नियम नीतिविचाराच्या दृष्टीनेही मोलाचा आहे.

उंच खेळाडूंच्या बाबतीत मोह आणि धोका एकाच मुळातून येतात. सुमारे सात फूट उंचीचा आणि तरीही चपळ असा माणूस दुर्मीळ असतो. तो बास्केटच्या जवळ उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याचा सगळा खेळ बदलावा लागतो. 1956 मध्ये बोस्टन संघाने एड मॅकॉली आणि क्लिफ हॅगन हे दोन खेळाडू देऊन बिल रसेल यांच्या निवडीचा हक्क मिळवला आणि रसेल यांच्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे पटकावली, तेव्हापासून प्रत्येक संघाच्या मनात तसाच एक सौदा घर करून बसलेला आहे. परंतु जे शरीर दुर्मीळ तेच नाजूकही असते. एवढे वजन आणि लांबी धावताना, उडी मारून उतरताना पायांच्या लहान हाडांवर येते; पावलाच्या मध्यभागी असलेल्या नावेच्या आकाराच्या नॅव्हिक्युलर या हाडाने बिल वॉल्टन यांच्या ऐन उमेदीची वर्षे खाल्ली आणि याओ मिंग यांना 2011 मध्ये निवृत्त व्हायला लावले. शिवाय उंच खेळाडूचा खेळ पिकायला वेळ लागतो, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून पाच वर्षांनंतरचा पुरुष ओळखणे हे अनुभवी पारख्यांनाही साधत नाही. निकोला योकिच यांना 2014 मध्ये चाळीस निवडी होऊन गेल्यानंतर डेन्व्हरने घेतले, आणि पुढे तेच तीन वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

अशा अनिश्चिततेत निर्णयाचा न्याय कसा करावा, या प्रश्नाला भगवद्गीतेत उत्तर आहे असे म्हटले की दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक पुढे केला जातो आणि कर्मावर अधिकार, फळावर नाही, एवढ्यावर चर्चा मिटवली जाते. हे वाचन अपुरे आहे. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असेही तेथे म्हटले आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे. बास्केटबॉलच्या या व्यवहारांना तो अर्थ अक्षरशः लागू पडतो, कारण व्यवस्थापक कितीही कुशल असला तरी फळाचे आसन दुसऱ्याच माणसाच्या घोट्यात आणि नडगीत असते. मात्र त्याच अध्यायात थोडे पुढे तामस कर्माचे लक्षण येते, आणि ते या विचारात सर्वांत महत्त्वाचे आहे. अनुबंध म्हणजे मागाहून येणारे परिणाम, क्षय म्हणजे होणारी हानी, हिंसा म्हणजे इतरांना पोचणारी पीडा आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य, या चारांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. फळाची आसक्ती सोडायची, परंतु फळाचा विचार सोडायचा नाही, हा भेद येथे स्वच्छ आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरवली, तीही परिणामांकडे डोळेझाक करणारी बुद्धी नव्हे, ती सारासार पाहून निवडणारी बुद्धी होय.

या चार कसोट्या 1984 च्या ड्राफ्टला लावल्या असता लोकस्मृतीने केलेला न्याय किती एकांगी आहे हे दिसते. त्या वर्षी ह्यूस्टनने पहिल्या क्रमाने हकीम ओलाजुवान यांना, पोर्टलँडने दुसऱ्या क्रमाने केंटकी विद्यापीठाच्या सॅम बुवी यांना आणि शिकागोने तिसऱ्या क्रमाने मायकेल जॉर्डन यांना घेतले. बुवी यांचे पाय पुन्हा पुन्हा मोडले. पोर्टलँडकडून पाच हंगामांत त्यांना केवळ 139 सामने खेळता आले, जॉर्डन यांनी सहा अजिंक्यपदे जिंकली, आणि खेळाच्या इतिहासातील सर्वांत वाईट निवड असा शिक्का बुवी यांच्या नावावर बसला तो कायमचा. परंतु पोर्टलँडकडे क्लाइड ड्रेक्सलर यांच्यासारखा जॉर्डन यांच्याच जागी खेळणारा तरुण आधीच होता, उंच खेळाडूची उणीव होती, आणि ह्यूस्टननेही जॉर्डन यांना सोडून उंच खेळाडूच घेतला होता. त्याबद्दल ह्यूस्टनला कोणी दोष देत नाही, याचे कारण ओलाजुवान यांचे शरीर टिकले, एवढेच. दोघांचा तर्क एकच होता. पोर्टलँडच्या बाबतीत वेगळे होते ते हे की नडगीच्या दुखापतीमुळे बुवी यांचे महाविद्यालयातील दोन हंगाम वाया गेले होते आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. तेव्हा क्षयाच्या कसोटीवर तो निर्णय कच्चा होता असे म्हणता येईल, अविचाराचा मात्र म्हणता येणार नाही.

अविचाराचे कर्म तीन वर्षे आधी, दुसऱ्याच शहरात घडले होते. पोर्टलँडने वापरलेला तो दुसरा क्रम मुळात इंडियानाचा होता. 1981 मध्ये इंडियाना नुकताच प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, पोचलेला होता, आणि त्या उभारीत त्याने वयाची तिशी ओलांडलेले उंच खेळाडू टॉम ओवेन्स यांच्या बदल्यात 1984 चा पहिल्या फेरीचा हक्क पोर्टलँडला देऊन टाकला. ओवेन्स इंडियानाकडे एकच हंगाम खेळले. 1983-84 च्या हंगामात इंडियानाने 26 सामने जिंकले आणि 56 गमावले, पूर्व विभागात तो तळाला गेला, आणि त्याच्या वतीने नाणेफेकीला पोर्टलँड उभा राहिला. एका यशस्वी हंगामावरून पुढच्या तीन वर्षांचे सामर्थ्य गृहीत धरणे हे पौरुषाचे भान नसण्याचे लक्षण होय, आणि वर्षभराच्या लाभासाठी अमर्याद मोलाची वस्तू देणे हे अनुबंधाचे भान नसण्याचे. तरीही ओवेन्स यांचा व्यवहार थोड्या अभ्यासकांच्याच लक्षात आहे. फळ जेथे डोळ्यांना दिसते तेथे दोष चिकटतो, आणि ज्या कर्मातून ते निपजले ते विस्मृतीत जाते.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. निवडीपूर्वी पोर्टलँडच्या डॉक्टरांनी बुवी यांच्या नडगीवर ठोकून पाहिले तेव्हा दुखत असतानाही आपण दुखत नसल्याचे सांगितले, असे बुवी यांनी 2012 च्या एका माहितीपटात स्वतःच उघड केले, आणि आपल्या माणसांच्या गरजांकडे पाहून तसे केल्याचेही सांगितले. हे असत्य होते, यात शंका नाही. परंतु ज्या व्यवस्थेत तरुणाचे सारे भवितव्य एका तपासणीवर टांगलेले असते, जेथे आपण कोणत्या शहरात खेळावे हे निवडण्याची मुभा त्याला नसते, तेथे त्याच्याकडून निखळ सत्याची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्या व्यवस्थेचे दडपण मोजले पाहिजे. वेदना लपवून त्याने संघाला फसवले असेल, पण त्या फसवणुकीची किंमत त्याच्याच हाडांनी भरली. तामस कर्माच्या लक्षणातील हिंसा हा शब्द या ठिकाणी पूर्ण अर्थाने लागू होतो: ज्या शरीरावर हजारोंची आशा लादली जाते, ते मोडल्यावर त्या शरीराच्या धन्यालाच अपयशाचे प्रतीक करणे ही पीडाच आहे, आणि ती अजूनही थांबलेली नाही.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये ‘नैतिक नशीब’ हा प्रश्न मांडला तो याच अडचणीवर. ब्रेक तपासण्यात सारखीच कसूर केलेल्या दोन चालकांपैकी एकाच्या वाटेत मूल आले आणि दुसऱ्याच्या आले नाही, तर जग पहिल्याला कितीतरी अधिक दोषी धरते, हे नेगेल यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. माणसाच्या ताब्यात नसलेल्या गोष्टींवरून त्याचा न्याय करू नये असे सर्व मानतात आणि तरीही सर्व तसाच न्याय करतात, ही त्यांनी दाखवलेली विसंगती आहे. तिचे पूर्ण निरसन अद्याप कोणी केलेले नाही. ड्राफ्टच्या इतिहासातून मात्र एवढे निश्चित दिसते की फळावरून केलेला न्याय कठोर असतो, आणि शिवाय त्यात माणूसही चुकीचा पकडला जातो.

येथे अधिकाराचा मुद्दा येतो. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न फाशांच्या दानाविषयी नव्हता. जो स्वतःला आधीच हरला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असा तो होता, आणि सभेतील ज्येष्ठांना त्याचे उत्तर देता आले नाही. पाच वर्षांनंतरचा हक्क देणारा व्यवस्थापक पाच वर्षांनंतर बहुधा त्या पदावर नसतो. त्याचे फळ पुढचा व्यवस्थापक, पुढचे खेळाडू आणि त्या शहरातील प्रेक्षक भोगतात, ज्यांना विचारण्याची सोयच नसते. म्हणून स्वतःची चालू वर्षाची निवड धोक्याच्या खेळाडूवर खर्च करणे आणि अनुपस्थितांची निवड खर्च करणे यांत नैतिक अंतर मानले पाहिजे. 2007 मध्ये पोर्टलँडने स्वतःच्या पहिल्या क्रमाने ग्रेग ओडन यांना घेतले, दुसऱ्या क्रमाने केव्हिन ड्युरंट सिअ‍ॅटलला गेले, आणि गुडघ्यांनी दगा दिल्याने ओडन कारकिर्दीत अवघे 105 सामने खेळू शकले. या निर्णयात दुर्दैव पुष्कळ होते, दोष फार थोडा. 2014 मध्ये फिलाडेल्फियाने पावलाच्या त्याच नॅव्हिक्युलर हाडावर काही दिवसांपूर्वीच शस्त्रक्रिया झालेल्या जोएल एम्बीड यांना तिसऱ्या क्रमाने घेतले, त्यांच्यासाठी दोन पूर्ण हंगाम वाट पाहिली, आणि 2023 मध्ये एम्बीड लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. संघाला थांबणे परवडत होते आणि तो थांबला, म्हणजे पौरुष ओळखून केलेले ते कर्म होते. एम्बीड कधीच उभे राहिले नसते तरीही ते कर्म तसेच राहिले असते.

याउलट जून 2025 मध्ये न्यू ऑर्लीन्सने मेरीलँड विद्यापीठाकडून एकच हंगाम खेळलेल्या डेरिक क्वीन या वीस वर्षांच्या उंच खेळाडूसाठी तेविसाव्या क्रमावरून तेराव्या क्रमावर चढण्याकरिता अटलांटाला 2026 चा पहिल्या फेरीचा हक्क दिला: स्वतःचा आणि मिलवॉकीचा यांपैकी जो अधिक चांगला ठरेल तो, आणि तोही कोणत्याही संरक्षणाविना. संघ नुकताच 21 सामने जिंकून 61 हरलेला होता आणि त्याचे प्रमुख खेळाडू दुखापतींनी जर्जर होते. क्वीन यांच्या गुणांची पारख खरी असू शकते, आणि पारख ठाम असेल तर मोल अधिक द्यावे हेही मान्य करता येते. पण संरक्षणाची एक अट न घालता तळाशी असलेल्या संघाने आपले पुढचे वर्ष देऊन टाकणे यात अनुबंध, क्षय आणि पौरुष या तिन्हींचा विचार झालेला दिसत नाही. हा व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी सदोष होता. क्वीन पुढे कितीही थोर खेळाडू झाले तरी तो निर्दोष ठरत नाही, आणि ते सामान्य ठरले तरी त्या दोषाचा अंशही त्यांच्या माथी मारता येत नाही.