मायबाप, पण कुठवर?

'मायबाप सरकार' हे शब्द आपण आज उपरोधाने उच्चारतो. एकेकाळी ते हात जोडून उच्चारले जात. दुसऱ्याचे भले करावे, पण त्याला न विचारता, या वृत्तीला इंग्रजीत 'पॅटर्नलिझम' म्हणतात. तिला आम्ही 'मायबापपण' म्हणू. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'पातेर', म्हणजे पिता, आहे. प्राचीन रोमन कायद्यात पुत्र कितीही वयाचा होवो, अधिकारपदावर चढो, पिता हयात असेतो तो सामान्यतः त्याच्याच सत्तेखाली राही. त्याची मिळकतही बहुतांशी पित्याचीच मानली जाई. लहानग्याचा हात धरावाच लागतो. तो सोडायचा केव्हा, हे मात्र या कायद्याने ठरवलेच नव्हते. सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पुढे हीच सत्ता राजांसाठी मागितली गेली. १६८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सर रॉबर्ट फिल्मर यांनी राजाधिकाराचे मूळ थेट आदामच्या पितृत्वात दाखवले. प्रौढ माणसावर केवळ त्याच्या हितासाठी सक्ती करू नये, असे १८५९ साली बजावणारे जॉन स्टुअर्ट मिल यांनीही त्या नियमातून बालकांबरोबर 'मागासलेले' समाज वगळले. हे गृहस्थ १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होते! आपण कोणत्या रांगेत बसलो असतो, हे सांगायला नकोच.

ख्रिस्तसभाही या मोहातून सुटली नाही. १९०६ साली पोप दहावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात सामान्य जनांचे कर्तव्य मेंढपाळांमागून निमूट चालणे एवढेच सांगितले होते. प्रापंचिकांना मत मांडण्याचा अधिकार आहे, प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही ठरते, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने नमूद करेपर्यंत १९६४ साल उजाडले. वास्तविक, संत लूकच्या शुभवर्तमानातील पिता धाकट्याचा वाटा त्याच्या हवाली करतो, त्याला जाऊ देतो आणि वाट पाहतो.

पण सरकारला व धर्मगुरूंना बोल लावणाऱ्या आपल्या घरांत काय चालते? वडिलांना असाध्य आजार जडतो. डॉक्टर मुलांना बाजूला घेऊन सांगतात. मुले वडिलांना सांगतात, 'थोडी कावीळ आहे.' हेतू मायेचाच असतो. धर्मगुरूंना मात्र शुद्ध हरपल्यावर बोलावले जाते, कारण त्यांना पाहून 'बाबा घाबरतील'. तैलाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. तरीही हा रिवाज सुटत नाही. अशाने त्या माणसाचे पापनिवेदन राहून जाते, अबोला धरलेल्या भावाची भेट राहते, बायकोला सांगायचे दोन शब्द राहतात. जन्मभर घर चालवलेला तो माणूस अखेरच्या महिन्यात आपल्याच लेकरांचे लेकरू होतो.

सत्य ऐकण्याची सर्वांचीच इच्छा नसते, हे आम्ही जाणतो. काहीजण स्वतःच म्हणतात, 'मला सांगू नका, तुम्हीच पाहा.' त्यांचा तो निर्णय मानावा. परंतु तो त्यांनी घेतलेला असावा. आणि त्यासाठी कोणीतरी खाटेशेजारी बसून, 'बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ऐकायचे आहे का?' एवढे तरी विचारायला हवे.