नकारानंतरचं गाणं

मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडतात, पगाराची अपेक्षाही विचारून होते, घरी आईच्या कानावर अर्धवट घातलेलं असतं, आणि मग मेल येतो. 'प्रिय उमेदवार'. पुढे अर्जाबद्दल आभार, भावी वाटचालीस शुभेच्छा. नकार दुखतोच, पण आपलं नावसुद्धा न घेता दिलेला नकार जास्त लागतो. काय कमी पडलं ते त्यात लिहिलेलं नसतं. मग कारणं ज्याची त्यालाच शोधावी लागतात: वय, कॉलेज, इंग्रजी, मध्ये पडलेली गॅप. हा शोध रात्री दोनपर्यंत चालतो.

अशा वेळी प्रेरणादायी व्हिडिओ मला कधीच उपयोगी पडले नाहीत. ते पुन्हा कामालाच जुंपतात. हात जातो तो जुन्या गाण्याकडे, आणि तेही बहुतेकदा उदास गाण्याकडे. ही पळवाट आहे असं मला वाटत नाही. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत जास्त आठवतात, असं मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. तेव्हाची गाणीही तशीच टिकतात. ते गाणं आपल्याला बायोडेटा तयार होण्याआधीपासून ओळखत असतं.

आमच्या घरी ही ओळख आकाशवाणीच्या 'आपली आवड'मधून झाली. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची, गावासकट, एकेका घरातली चार-चार. आई कणीक मळता मळता थांबून ती ऐकायची, ओळखीचं एकही नसलं तरी. कुठल्याशा वाडीवरच्या माणसानं पत्र टाकलं आणि त्याचं नाव साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं, यातला मान मला आता कळतो.

'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटातलं 'एक धागा सुखाचा' मी अशा रात्री पुन्हा पुन्हा लावलं आहे. शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे; चाल आणि आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. पडद्यावर राजा परांजपे तुरुंगात मागावर बसलेले. बाबूजी तरुणपणी काम आणि आसरा शोधत गावोगाव हिंडले, उपाशी राहिले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात ते सगळं आहे आणि त्याचंही नाव 'जगाच्या पाठीवर'च. हे वाचल्यापासून त्या गाण्यातला संथपणा मला वेगळा ऐकू येतो. तो आवाज धीर देण्याची घाई करत नाही. सगळं ठीक होईल, असंही म्हणत नाही. दुःख किती आहे ते नीट मोजून सांगतो, आणि तेवढ्यानंच ऐकणाऱ्याला मोकळं वाटतं. निदान तेवढा वेळ स्वतःतल्या उणिवा शोधणं थांबतं.

सकाळी पुढचा अर्ज भरायचाच असतो. गाणं काही नोकरी देत नाही. पण रात्री घरातल्या मुलानं किंवा मुलीनं तेच गाणं तिसऱ्यांदा लावलं, तर त्या मेलचं काय झालं, हे मोठ्यांनी तेव्हा विचारू नये. वाटलं तर शेजारी बसून ऐकावं.