सटवाईची लेखणी

मूल जन्माला आले की पाचव्या-सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवण्याची चाल आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. रात्री सटवाई येते नि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत. सकाळी पाहावे तो कागद कोराच! म्हणून तर ही समजूत इतकी टिकली. वाचता न येणारे भविष्य कुणाला छळत नाही. पण आता सटवाईचे अक्षर लावू पाहणारी मंडळी निघाली आहेत; आणि ती भोंदू नाहीत, शास्त्रज्ञ आहेत.

माणसाचा जनुकसंच म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी. कुणाही दोघांच्या पोथ्या ताडून पाहा, हजारात सरासरी एखादेच अक्षर निराळे निघते. शास्त्रज्ञ एखादा रोग घेतात, त्याचे शेकडो-हजारो रुग्ण नि तशीच पुष्कळ निरोगी माणसे जमवतात आणि जिथे पाठभेद असतात अशा काही लाख जागा दोन्हीकडे तपासतात. एखादा पाठ रुग्णांत अधिक आढळला, तरी लगेच टाळ्या पिटत नाहीत. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याचा संभव दहा कोटींत पाचाहून कमी असेल, तरच ती जागा खुणेची मानतात. ही रीत २००५ च्या सुमारास रुजली. २००७ साली ब्रिटनमध्ये सात रोगांचे मिळून सुमारे १४,००० रुग्ण असे तपासले गेले, आणि मग तिला उधाणच आले.

या विद्येचे करायचे काय, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेतला नव्हे. तो तुमच्या-आमच्या ओटीवरचा आहे. आमच्या पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभे राहिलेले शांतिवन आहे. या एका रोगाची हकीकत पाहिली तरी प्रश्न किती खोल आहे ते कळते.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील बर्गेनच्या डॉ. डॅनिअलसन यांचे ठाम मत होते, की महारोग आईबापांकडून वारशाने येतो. त्यांच्याच जावयाने, डॉ. हॅन्सेनने, १८७३ साली त्या रोगाचा जंतू शोधून काढला. झाले! वारशाचा सिद्धांत मागे पडला. आता तरी रुग्णाच्या मुलाबाळांवरचा डाग पुसला जायचा. पण घडले निराळेच. रक्तदोष म्हणत, तेव्हा त्या घराशी सोयरीक करीत नसत. जंतू सापडल्यावर माणसाला वेशीबाहेर ठेवायला शास्त्राचाही आधार मिळाला. आपल्याकडे १८९८ साली कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा कायदा झाला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली निघाले. रोग पुरता बरा करणारी औषधे तर १९८० नंतरच्या दशकातच हाती आली होती! कारण बदलले, निकाल तोच राहिला.

पुढे २००९ साली चीनमध्ये ७०६ कुष्ठरुग्ण नि १,२२५ निरोगी माणसे यांच्या पोथ्या ताडल्या गेल्या. खुणेच्या जागा निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित. मग खरा कोण, सासरा की जावई? जंतूवाचून रोग नाही, म्हणून जावई खरा. पण जंतू शिरूनही बहुतेकांना रोग होत नाही; कुणाला होतो, यात जन्मजात घडणीचा वाटा आहे, म्हणून सासराही अगदीच खोटा नव्हे.

कुणी म्हणेल, “लग्नाआधी समजलेले काय वाईट?” थॅलेसेमिया, सिकलसेल यांच्या बाबतीत ते मला मान्य आहे. तिथे एकाच जनुकातला दोष मुलाला भोवतो, आणि वधूवरांनी रक्त तपासून घेणे हा शहाणपणाच आहे. पण मधुमेहासारख्या रोगात अशा शेकडो जागा सापडल्या आहेत. एकेकीचा भार राईएवढा. त्यांची बेरीज करून जो आकडा येतो तो फार तर संभव सांगतो. शिवाय आजवर तपासलेल्या पोथ्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या. त्यांवर बसवलेले आडाखे आपल्याला तंतोतंत लागू पडत नाहीत. आपल्याकडील सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली झाली ती २०२५ साली. असा आकडा पत्रिकेशेजारी ठेवून मुलगी नाकारायची, तर मंगळाने काय घोडे मारले होते?

आणि तरीही ही विद्या नको, असे मी म्हणणार नाही. कुणाची ढाल कुठे पातळ आहे हे कळले, तर औषध नि देखरेख तिथे आधी पोहोचवता येईल. दोष कळण्यात नाही. कळल्यावर आपण माणसाला जवळ घेतो की दूर लोटतो, यात आहे. गणितात कच्चा मुलगा कोण, हे प्रत्येक मास्तराला आठवड्याभरात कळते. त्याला पहिल्या बाकावर बसवायचे की वर्गाबाहेर काढायचे, हे काही परीक्षेचा आकडा सांगत नाही. ते मास्तरानेच ठरवायचे असते.