डॅम्पर कुठे आहे?

उभा राहा. इलेक्ट्रिक गाडीच्या सस्पेन्शनचा हा प्रकल्प तू केलास, की पेट्रोलच्या गाडीच्या तक्त्यातले आकडे नुसते खोडून नवे लिहिलेस? मागच्या एका चाकावर तिथे २५० किलो होते, बॅटरी आल्यावर तू ३०० धरलेस. स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक केलीस, वारंवारता १.४ हर्ट्झवरच राहिली. इथवर गणित बरोबर. पुढे काय? डॅम्पर जुनाच! वजन वाढलं, स्प्रिंगचा जोर वाढला, मग तिला आवरणार कोण? डॅम्पिंगचं गुणोत्तर ०.३० वरून ०.२५ वर घसरलं. दोन ओळींचं काम होतं. तू कंटाळलास, आणि गतिरोधक ओलांडून गेल्यावरही मागच्या सीटवरची आजी झुलत बसणार.

'बॅटरीमुळे स्प्रिंगखालचं वजन वाढतं' हे वाक्य आधी खोड. साफ चूक आहे. बॅटरी बॉडीला बोल्टने आवळलेली असते, मोटरही स्प्रिंगच्या वरच. चाकाबरोबर वरखाली होतात ते टायर, रिम, हब, ब्रेक. ते वजन वाढवलंस तू, दिसायला झोकदार म्हणून मोठी रिम निवडून.

अँटिरोल बार जाड केलास. कशासाठी? बॅटरी फरशीखाली गेली म्हणजे गुरुत्वमध्यही खाली आला. गाडी किती कलेल ते आधी काढायचं, मग बारला हात लावायचा. जाड बार एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं.

ट्विस्ट बीम स्वस्त म्हणून वाईट, असंही लिहिलंयस. नेक्सॉन ईव्हीला मागे तोच आहे. नावं ठेवायचीच तर वळणावर बुशिंग दबून मागची चाकं किंचित दिशा बदलतात त्याबद्दल लिही. वजनदार गाडीत ते जास्त जाणवतं. त्यावर तुझ्या रिपोर्टात अवाक्षर नाही.

आणि सगळ्यात मोठा अपराध: तुझी गाडी रिकामीच धावते. मागे तीन माणसं बसव, डिकीत बॅगा टाक. एका चाकावर आणखी १०० किलो आले, तर तुझीच स्प्रिंग ४२ मिलिमीटर दबते. बंप स्टॉपपर्यंत तू ८० ठेवलेस, उरले ३८. नेक्सॉन ईव्हीत ३०.२ युनिटांच्या बॅटरीला २०५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स होता, ४०.५ युनिटांची आली तेव्हा १९०. तिथे १५ मिलिमीटरचीही किंमत मोजावी लागते, आणि तू ४२ विसरतोस?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. तू तोच धरलास. आपल्या फाटकासमोरचा कधी मोजलास? उद्या टेप घेऊन जा, त्याची रुंदी-उंची घे आणि पाच माणसं बसलेल्या गाडीचं गणित पहिल्यापासून मांड. डॅम्परसकट. तोवर या रिपोर्टावर माझी सही होणार नाही.