कुणाच्या नावे?

आमच्या मागच्या खोलीत गेले तीन महिने एक अंतराळयान अडकून पडलं आहे. यान माझ्या भाच्याचं. तो चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकतो, आमच्याकडे राहतो आणि दर रविवारी चार मित्र जमवून एक खेळ खेळतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. कुणी कप्तान, कुणी यंत्रज्ञ, कुणी परग्रहावरचा हिरवा व्यापारी. अडलं की फासे टाकायचे. फासे म्हटल्यावर बायकोला द्रौपदी आठवली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मला मात्र हा खेळ लगेच कळला, कारण माझं बालपण झाडीपट्टीत गेलं. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. हे त्यातलंच एक. फरक एवढाच, की इथं प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही आणि चहा माझ्या घरचा.

या खेळाचं विश्व भाचा स्वतः रचतो आहे. ग्रह झाले, राजे झाले, लढाया झाल्या. अडलं ते प्रवासापाशी. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जायचं कसं?

"सगळ्यांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, मामा," तो म्हणाला. "1977 साली सोडलेलं व्हॉयेजर-1 सेकंदाला 17 किलोमीटर धावतं. त्या वेगानं तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांवर वर्षं लागतील."

सत्तर हजार वर्षांत माझंसुद्धा प्रमोशन होऊन जाईल. मी म्हटलं, "मग?"

"मग काय, बटण दाबायचं की पोचलं."

"आणि खर्च?"

"खर्च नाही."

वाचकहो, मी साधा बँकेतला कारकून. ताऱ्यांतलं मला कळत नाही. पण मी बी.कॉम. आहे, आणि बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी मनावर एक गोष्ट कोरली जाते, ती मरेपर्यंत पुसत नाही: कुठं जमा झालं, की कुठंतरी नावे पडलंच पाहिजे. यान तिकडं पोचलं, हे झालं जमा. नावे कुणाच्या?

भाच्यानं माझी समजूत घालायला एक जुना खेळ दाखवला. 'ट्रॅव्हलर' त्याचं नाव, 1977 साली अमेरिकेत निघालेला. त्यात जहाज चक्क कर्जावर मिळतं! 20 टक्के आधी भरायचे आणि मग रोख किमतीचा 240वा भाग दरमहा, 480 महिने. मी तिथल्या तिथं आकडेमोड केली. चाळीस वर्षं हप्ते, आणि एकूण फेड किमतीच्या 2.2 पट. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ताऱ्यांच्या पलीकडेही कुणीतरी हप्ता चुकवतो आहे आणि कुणीतरी कारकून त्याला नोटीस टाइप करतो आहे, या कल्पनेनं त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं खरं रॉकेट समजावून दिलं, आणि झोप गेली. यान वर न्यायला इंधन लागतं. ते इंधनही वरच न्यायचं, म्हणून त्याच्यासाठी आणखी इंधन. आणि त्या आणखी इंधनासाठी आणखी. म्हणजे कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज, आणि त्याचं व्याज भरायला तिसरं. 1969 साली चंद्राकडे निघालेलं रॉकेट सुटताना सुमारे 2,900 टनांचं होतं. माणसं घेऊन परत आली ती पाच टनांच्या आसपासची कुपी. बाकीचं कुठं गेलं? बरंचसं जळालं, आणि उरलेलं वाटेत एकेक टप्प्यानं टाकून दिलं. ज्या टप्प्यानं सगळ्यांत जास्त जोर लावला, तोच सगळ्यांत आधी टाकायचा. शास्त्राला हे मान्य आहे. बँकेलाही असावं.

टाकलेलं कुठं पडतं, हे आम्हा चंद्रपूरकरांना पुस्तकात वाचावं लागत नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही सगळे ताईकडे, आरमोरीजवळच्या आमच्या गावी, अंगणात बसलो होतो. आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. बायकोनं हात जोडले, भाच्यानं मोबाइल काढला. ताई तेवढी म्हणाली, "कोनाच्या घरावर पडते, देव जाने."

पडलं ते सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला. दहाएक फूट व्यासाचं धातूचं कडं, घरांजवळच्या मोकळ्या जागेत. नशीब, कुणाला लागलं नाही. पुढं आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. जाणकारांच्या मते तो 2021 च्या फेब्रुवारीत उडालेल्या एका चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा होता. चीनचं काम जमा झालं. नावे पडलं लाडबोरीच्या. लाडबोरीनं ना कर्ज मागितलं होतं, ना जामीन राहिली होती.

यासाठी कायदा आहे बरं का! 1972 चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की ज्याचं यान जमिनीवर पडून नुकसान करेल त्यानं भरपाई द्यावी. 1978 साली सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-954 हा उपग्रह कॅनडावर कोसळला, अणुभट्टीसकट. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले; 1981 साली तीस लाखांवर मिटलं. आमच्याकडे याला वन टाइम सेटलमेंट म्हणतात.

हे सगळं मी भाच्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं. वर सुनावलं, "तुझ्या खेळात नियम कर. प्रत्येक उड्डाणाआधी लिहायचं, हे कुणाच्या नावे पडणार." पोरानं वही पुढं केली आणि अगदी निरागसपणे विचारलं, "उदाहरण द्या ना, मामा."

आणि मी अडकलो. डोळ्यांसमोर जे उदाहरण आलं ते त्याच्या आईचं होतं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गणितात माझ्या दुप्पट हुशार. गावात शाळा सातवीपर्यंत, घरी दोन एकर धान. दोघांना बाहेर शिकवणं बाबांना शक्य नव्हतं, आणि दोघांतलं कोण, हा प्रश्न आमच्या घरी कुणी विचारलासुद्धा नाही. ताईची शाळा सुटली. ती पावसाळ्यात रोवणीला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायला लागली. चंद्रपुरातल्या माझ्या खोलीचं भाडं त्यातून आलं. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, दुसऱ्यांच्या जमा-नावेच्या चुका काढायला लागलो. वीस वर्षं लोकांच्या तेरजा जुळवल्या, आणि घरची एक नोंद अजून उघडीच.

मी काही फेड केलीच नाही असं नाही. दर भाऊबीजेला लुगडं नेतो. भाच्याला ठेवून घेतलं, तेव्हा तर मनातल्या मनात मी 'खातं बंद' असा शिक्कासुद्धा मारला होता. पण सातवीनंतरची शाळा किती लुगड्यांना मिळते, याचा दर मला कुठल्याही परिपत्रकात सापडला नाही.

गेल्या महिन्यात ताई आली होती. रविवार होता, पोरं खेळायला बसली होती. माझा नियम त्यांनी घेतला होता, कुरकुरत का होईना. मी धीर करून तिच्याजवळ विषय काढला. म्हटलं, "ताई, तुझं माझ्याकडे फार निघतं."

"काय निघते?" ती म्हणाली. "मी का मोजून देल्ली होती का रे? काहीच्या काही बोलते भाऊ!"

म्हणजे देणाऱ्याकडे वहीच नाही. असं कर्ज बुडीत म्हणायचं, की माफ झालेलं? खूप विचार करून मी माझ्यापुरता निकाल लावला. माफ करायचा अधिकार देणाऱ्याचा. ती खुशाल माफ करो. घेणाऱ्यानं मात्र आपल्या वहीतली नोंद खोडायची नाही. फिटण्यासारखी नसली तरी नाही. फिटण्यासारखी नसली तर मुळीच नाही. दरवर्षी शिल्लक पुढं ओढायची आणि दरवर्षी वाचायची, एवढंच.

तेवढ्यात पोरांनी ताईलाच खेळात ओढलं. यान उडणार होतं. नियमाप्रमाणं वही तिच्यापुढं आली. 'कुणाच्या नावे?' हा रकाना तिनं अडखळत वाचला आणि विचारलं, "हे उडते थे उडते, मंग खाली पडलेलं कोनाचं?"

"ज्याचं यान त्याचं," भाचा कायद्यानं बोलला.

"काहून? ज्याच्या वावरात पडलं त्याचं!" ताई म्हणाली. "भंगारात काय भाव चालू हाये?"

तिनं फासे टाकले. दोन्हींवर सहा पडले. यान उडालं आणि मी गुपचूप चहा टाकायला उठलो.